सह्याद्रीचे पाणी आणि दीर्घ मुदतीचे भांडवल

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले, तह, लढाया आणि राज्यारोहणे ह्यांना जे स्थान मिळाले आहे ते योग्यच आहे. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या गोष्टींनी आपल्या प्रदेशाचे जीवन मुळापासून पालटले, त्यांपैकी एक गोष्ट ह्या पुस्तकांत ओझरती येते किंवा येतच नाही. ती म्हणजे वीज. दिवा लागला की वीज आहे आणि विझला की ती गेली, एवढाच आपला तिच्याशी परिचय असतो. ती कोठे निर्माण होते, ते स्थान कोणी व केव्हा उभारले, त्यासाठी पैसा कोणी घातला आणि जमीन कोणाची गेली, हे प्रश्न विद्यार्थ्याला सुचत नाहीत. कारण ते शिक्षकांच्याही मनात क्वचितच येतात.

वस्तुतः हे प्रश्न खऱ्या अर्थाने इतिहासाचे आहेत. धान्य कोठारात ठेवता येते, कापूस वखारीत ठेवता येतो. वीज तशी ठेवता येत नाही. मोठ्या विद्युत्घटांचा उपयोग अलीकडे होऊ लागला असला, तरी विसाव्या शतकाच्या सर्व हिशेबांत वीज ही निर्माण होताच वापरावयाची वस्तू होती. त्यामुळे मागणी आल्यावर केंद्र उभारू असे म्हणून चालत नाही. मागणी येण्यापूर्वी आठ-दहा वर्षे पाया खणावा लागतो. खर्चाचा फार मोठा भाग आरंभीच करावा लागतो आणि तो वसूल होण्यास पुढील तीस-चाळीस वर्षे लागतात. म्हणजे ज्याने पैसा घातला, त्याच्या हयातीत तो पुरता परत येईलच असे नाही. इतक्या लांबच्या भविष्यावर विश्वास ठेवून पैसा अडकवून ठेवण्यास कोण तयार होतो, आणि कोणत्या अटींवर, हा ह्या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी आपल्या परिसरातील तीन उद्योगांचा विचार येथे करावयाचा आहे: टाटांचे लोणावळा-खोपोलीचे जलविद्युत्केंद्र, शासनाचा कोयना प्रकल्प, आणि दाभोळचा वीजप्रकल्प. तिन्ही सह्याद्रीच्या कुशीत किंवा पायथ्याशी आहेत, आणि तिन्हींचे भांडवल वेगवेगळ्या मार्गांनी आले. ह्या तिन्हींवरून मला जे दिसते ते असे, की हे भांडवल केवळ नफ्याच्या आमिषाने येत नाही आणि केवळ सरकारी हमीच्या कागदाने टिकत नाही. वीज घेणारा, विजेचा दर ठरविणारा आणि विजेसाठी जमीन सोडणारा, ह्या तिघांशी झालेला व्यवहार जितका सचोटीचा, तितकेच ते टिकाऊ ठरते.

१

पाण्याच्या पडण्यात शक्ती आहे, ही गोष्ट आपल्या भागास नवी नव्हती. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेच्या धबधब्यावर गोकाकची सूतगिरणी १८८७ मध्ये पाण्याच्या जोरावर चालू लागली. दार्जिलिंग नगरपालिकेने १८९७ मध्ये एका डोंगरी ओढ्यावर १३० किलोवॉटचे लहानसे केंद्र उभारून रस्त्यांवर विजेचे दिवे लावले. परंतु दूरच्या गिऱ्हाइकास वीज पोहोचविण्यासाठी मोठी रक्कम घालण्याचे पहिले धाडस म्हैसूर संस्थानाने केले. दिवाण शेषाद्री अय्यर ह्यांच्या कारकीर्दीत कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर केंद्र उभारण्याचा निर्णय झाला, आणि १९०२ मध्ये तेथील वीज ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. एवढ्या लांब अंतरावर वीज वाहून नेणे ही त्या काळी जगातही अपूर्वाईची गोष्ट होती.

ह्या उद्योगाची जी बाजू आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे, ती यंत्रांची नव्हे. म्हैसूर दरबाराने केंद्र बांधून मग गिऱ्हाईक शोधले नाही. खाणींशी आधी करार केला आणि मग बांधकाम केले. बंगलोरच्या रस्त्यांवर त्या विजेचे दिवे लागले ते तीन वर्षांनंतर, १९०५ मध्ये. उन्हाळ्यात कावेरीचे पाणी आटू लागले तेव्हा खाणींना दिलेला शब्द मोडण्याची वेळ आली होती. कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये हाती घेण्यास शेतीबरोबर हेही एक कारण होते. गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दासाठी आणखी एक धरण बांधावयास निघणे, ही दीर्घ मुदतीच्या भांडवलाची वृत्ती म्हटली पाहिजे.

२

मुंबईची परिस्थिती निराळी होती. तेथील कापडाच्या गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी लागणारा कोळसा मुंबईजवळ कोठेच नव्हता. तो बंगालच्या खाणींतून आगगाडीने किंवा परदेशांतून बोटीने येई. आगगाडीचे डबे मिळाले नाहीत, बोटींचे भाडे वाढले, की गिरण्यांचा हिशेब कोसळे. शिवाय शेकडो धुराड्यांच्या काजळीखाली शहर काळवंडले होते. इकडे मुंबईपासून काही तासांच्या वाटेवर, लोणावळ्याच्या माथ्यावर, पावसाळ्याच्या चार महिन्यांत दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडे आणि वाहून जाई.

ह्या पाण्याचा विजेसाठी उपयोग करण्याची कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग ह्यांनी मांडली आणि तिने जमशेटजी टाटांचे मन वेधून घेतले. मात्र १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले तेव्हा पोलादाच्या कारखान्याप्रमाणे ही योजनाही कागदावरच होती. ती पुढे नेण्याचे काम त्यांचे पुत्र दोराबजी व त्यांचे सहकारी ह्यांच्यावर आले.

योजनेचे स्वरूप समजण्यास सोपे आहे. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, ते कालव्यांनी एकत्र आणून घाटाच्या कडेवरून पोलादी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीस सोडावयाचे, आणि त्या पाण्याच्या आघाताने जनित्रे फिरवावयाची. निर्माण झालेली वीज उच्च दाबाच्या तारांनी सुमारे ४३ मैलांवरील मुंबईस न्यावयाची. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिन्यांची वीज, असा हा हिशेब होता. परंतु बांध, कालवे, नळ, जनित्रे आणि तारा हे सर्व पुरे होईपर्यंत एक दमडीही उत्पन्न नव्हते, आणि एखादा पावसाळा दगा देईल ही भीती कायमची होती.

अशा उद्योगासाठी पैसा कोठून आणावयाचा? प्रारंभी प्रयत्न झाला तो लंडनच्या बाजारात. तेथील भांडवलदारांनी घातलेल्या अटी टाटांना मान्य होण्यासारख्या नव्हत्या. हा पैसा हिंदुस्थानातच उभा करावा, असा आग्रह मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांनी धरला. तीन वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, स्वदेशीच्या लाटेत टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी अवघ्या तीन आठवड्यांत घेतले होते. त्या अनुभवाचा आधार होताच. ७ नोव्हेंबर १९१० रोजी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोंदली गेली आणि देशी संस्थानिक व व्यापारी ह्यांनी तिचे भांडवल उभे केले. ८ फेब्रुवारी १९११ रोजी सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या हस्ते वीज सुरू झाली.

जे धन पूर्वी जमीन, सोने आणि सावकारी ह्यांत मुरत असे, त्याचा काही अंश प्रथमच डोंगरावरच्या पाण्यात गुंतला. ह्या घटनेचे महत्त्व मला राजकीय सुधारणांच्या एखाद्या कायद्याहून कमी वाटत नाही. सावकार आपला पैसा डोळ्यांसमोर ठेवतो. भागधारकाला मात्र न पाहिलेल्या माणसांवर आणि न पाहिलेल्या वर्षांवर विसंबावे लागते. असे विसंबणे समाजाला एका दिवसात येत नाही. ते येण्यासाठी दोन गोष्टी आधी घडल्या होत्या. एक म्हणजे, उद्योग चालविणाऱ्या घराण्याविषयी लोकांच्या मनात विश्वास होता. दुसरी, वीज घेणारी गिऱ्हाइके निश्चित होती. गिरणीमालक प्रथम बिचकले, हे खरे. वाफेच्या यंत्रांत त्यांचा पैसा अडकलेला होता आणि घाटावरून तारेने येणाऱ्या शक्तीवर आपला कारखाना सोपविणे त्यांना जोखमीचे वाटले. परंतु एकदा दीर्घ मुदतीचे करार झाले आणि महायुद्धाच्या काळात कोळशाची ओढाताण सुरू झाली, तेव्हा मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली.

म्हणून विस्तार झाला. आंध्र खोऱ्यातील ठोकरवाडी धरणावर आधारलेले भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरील भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये चालू झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली. शंभर वर्षे उलटून गेली तरी ही तिन्ही केंद्रे चालू आहेत. भांडवल घालणारी पिढी कधीच काळाच्या पडद्याआड गेली. तिने घातलेल्या पैशाची वीज मात्र तिच्या पणतवंडांच्या घरांत पोहोचत आहे.

३

ह्या यशाच्या वहीत एक पान मात्र कोरे राहिले, आणि ते मुळशीचे होय. नीला आणि मुळा ह्यांच्या संगमापाशी धरण बांधावयाचे ठरले तेव्हा त्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांच्या भातजमिनी व घरे पाण्याखाली जाणार होती. जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर. मावळ्यांना विचारले कोणीच नव्हते. त्यांना नुसते कळविण्यात आले. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे ह्यांनी तो संघटित केला, आणि पांडुरंग महादेव बापट ह्यांना 'सेनापती' ही पदवी ह्याच लढ्याने दिली. तीन वर्षे तो लढा कमीअधिक तीव्रतेने चालला. अखेरीस धरण झाले.

मुळशीच्या लढ्यातील एक गुंतागुंत आपण मुलांना सहसा सांगत नाही. खोऱ्यातील पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. मोबदल्याची रक्कम त्यांना हवीशी वाटणे साहजिक होते; जमीन कसणाऱ्याला ती नको होती, कारण पैसा खर्च होऊन गेल्यावर त्याच्यापाशी काहीच उरणार नव्हते. एका बाजूस स्वदेशी भांडवल आणि दुसऱ्या बाजूस स्वदेशी शेतकरी, अशी ही लढाई होती. परक्याला दोष देऊन तिचा निकाल लावता येत नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती हे खरे, आणि मावळातील कुणब्याला आपले शेत हवे होते हेही तितकेच खरे. दोन्ही खऱ्या गरजा एकमेकींसमोर आल्या तेव्हा तडजोडीसाठी जे शहाणपण लागते, ते ना कंपनीने दाखविले ना सरकारने. भागधारकाला तीस वर्षांचा परतावा मिळण्याची तजवीज झाली. विस्थापिताला मात्र एकदाच मोबदला देऊन मोकळे करण्यात आले. दीर्घ मुदतीचा विचार एकाच बाजूस झाला, हा त्या व्यवहाराचा मूळ दोष होता.

४

स्वातंत्र्यानंतर विजेचे भांडवल हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने प्रांतोप्रांती वीजमंडळे स्थापन करण्याची सोय केली. त्यामागील विचार असा, की खाजगी कंपनी जेथे गिऱ्हाईक आहे तेथेच तारा नेईल; खेड्यापर्यंत वीज न्यावयाची तर परताव्याची वाट पाहण्याची शक्ती असलेली संस्था हवी. हा विचार योग्य होता. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांच्या नफ्यालाही वाजवी परताव्याची मर्यादा घातली.

ह्या काळात नद्यांनी राज्यांच्या सीमा ओलांडून काही चांगल्या गोष्टी घडवून आणल्या. मुंबई इलाखा आणि म्हैसूर ह्यांच्या सरहद्दीवरील जोग धबधब्याची वीज दोन्ही बाजूंनी वाटून घेण्याची व्यवस्था झाली. मध्य भारतात चंबळेवर गांधीसागर धरण १९६० मध्ये पुरे झाले, आणि चंबळेच्या धरणांवरील वीज मध्यप्रदेश व राजस्थान ह्यांनी निम्मी निम्मी घ्यावी असे ठरले. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना हे ठाऊक असेलच. एकट्याच्या आवाक्यात नसलेला खर्च दोन शेजाऱ्यांनी मिळून केला, म्हणजे भांडवलही जमते आणि भांडणालाही थोडी आडकाठी बसते.

महाराष्ट्रात ह्या काळाचे प्रतीक म्हणजे कोयना. ह्या नदीच्या पाण्याची पाहणी विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणातच टाटांनी करविली होती. पुढे मंदीच्या काळात ती योजना बाजूस ठेवावी लागली. जे खाजगी भांडवलास पेलले नाही ते पन्नाशीच्या दशकात शासनाने हाती घेतले आणि त्यासाठी जागतिक बँकेचेही कर्ज मिळविले. धरण १०३ मीटर उंचीचे, त्यामागे शिवाजीसागर जलाशय, तेथून बोगद्याने पाणी डोंगरापलीकडे नेऊन पोफळीच्या भूमिगत केंद्रात सोडावयाचे आणि मग ते वाशिष्ठी नदीस मिळावयाचे, अशी ही रचना. १९६२ मध्ये पहिली वीज मिळाली. पहिले दोन टप्पे, मग कोळकेवाडीचा तिसरा टप्पा आणि सरतेशेवटी चौथ्या टप्प्यातील एक हजार मेगावॉट, असे करीत काम पुरे होण्यास विसावे शतक संपावे लागले. आज एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी बोगदा फोडण्यात आला; आपल्या अभियंत्यांच्या कौशल्याचा तो लक्षणीय प्रसंग होय. अनेक मंत्रिमंडळे आली आणि गेली, तरी टप्प्यामागून टप्पा बांधला जात राहिला. लोकशाही राज्याला दीर्घ मुदतीचा विचार करता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

कोयनेनेही आपली किंमत घेतली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे पावणेदोनशे माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणास तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले. जलाशयात शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी कमीअधिक प्रमाणात बुडाल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेची वीज सुरू होऊन चौदा वर्षे झाल्यावर. मुळशीला जी चूक परकीय सत्तेखाली झाली तीच येथे स्वराज्यात पुन्हा झाली. फरक एवढाच की ह्या वेळी तक्रार ऐकणारे सरकार आपले होते. कोयनेचे विस्थापित अर्धशतक उलटून गेल्यावरही जमिनीच्या हक्कासाठी आंदोलन करीत राहिले. त्यांचे आजे-पणजे ज्या विजेसाठी उठले, तिचा हिशेब त्यांच्यापुरता अद्याप मिटला नव्हता.

आणखी एक हिशेब खाली राहणाऱ्यांचा. कोयनेचे पाणी स्वभावतः कृष्णेला मिळून पूर्वेकडे, सांगलीवरून कर्नाटकात आणि पुढे आंध्राकडे जाते. विजेसाठी ते पश्चिमेकडे वळविले की तेवढे पाणी कृष्णाकाठच्या शेतांना कायमचे मुकते. कृष्णा जलविवाद लवादाने म्हणूनच कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांपेक्षा अधिक पाणी वळवू नये अशी मर्यादा घातली. बेळगाव-निपाणीच्या बाजूस राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्यातून एक गोष्ट उमगण्यासारखी आहे. प्रदेश हा शब्द राजकारणात भाषेने आणि नकाशावरील रेघेने ठरतो. पाण्याच्या व विजेच्या व्यवहारात तो खोऱ्याने ठरतो. गुंतवणूक करताना दुसऱ्या अर्थाकडे डोळेझाक केली, की पहिल्या अर्थाने भांडणे सुरू होतात.

५

राज्याच्या भांडवलाची शक्ती कोयनेत दिसली, तशी त्याची दुर्बलता वीजमंडळांच्या जमाखर्चात दिसली. वीज खेडोपाडी गेली, विहिरींवर पंप बसले, ऊस आणि द्राक्षे पिकली. हे सर्व मोलाचे होते. परंतु पंपाची वीज मोजण्याऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकार घेण्याची पद्धत रूढ झाली, तारांतून होणारी गळती व चोरी वाढली, आणि दर खर्चाच्या खाली ठेवणे हे निवडणुकीचे साधन झाले. गरिबाला वीज स्वस्त मिळावी ह्यात वावगे काही नाही; पण त्या सवलतीचा भार कोणी उचलावयाचा हे उघडपणे ठरविले नाही, तर तो भार पुढच्या केंद्राच्या भांडवलावर पडतो. आजचा दर जेव्हा खर्चही भरून काढीत नाही, तेव्हा दहा वर्षांनंतर लागणारे केंद्र बांधावयास पैसा उरत नाही.

१९९१ च्या आर्थिक अरिष्टाने हे उघडे केले. केंद्र सरकारने वीजनिर्मिती खाजगी व परदेशी भांडवलास खुली केली, आणि यंत्रे ठरावीक प्रमाणात चालविल्यास भागभांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी देऊ केली. १९९२ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी महाराष्ट्रात समझोता झाला आणि १९९३ च्या अखेरीस दाभोळच्या विजेच्या खरेदीचा वीस वर्षांचा करार झाला. वरवर पाहता, शिवसमुद्रम् आणि खोपोली येथे ज्या गोष्टीने यश दिले तीच येथेही होती: दीर्घ मुदतीचा करार आणि निश्चित गिऱ्हाईक. मग फरक कोठे पडला?

फरक करारातील जोखमीच्या वाटणीत होता. टाटांच्या भागधारकांनी पावसाची आणि गिऱ्हाइकाची जोखीम स्वतः उचलली होती. दाभोळच्या करारात इंधनाच्या भावाची व रुपयाच्या घसरणीची जोखीम जवळजवळ संपूर्णपणे वीजमंडळावर होती. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देणे भाग होते, आणि त्यावर राज्य सरकारची हमी व केंद्र सरकारची प्रतिहमी होती. प्रकल्प फार मोठा आणि महाग आहे असे कारण देऊन जागतिक बँकेने १९९३ मध्येच त्यास पैसा पुरविण्यास नकार दिला होता. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये काही बदल करून तो पुन्हा केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, बंदही पडला. वीजमंडळाला ते दर परवडत नव्हते. माधव गोडबोले ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ह्या व्यवहाराची कठोर चिकित्सा केली. त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कंपनीच अमेरिकेत दिवाळखोर झाली. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने प्रकल्पाचे पुनरुज्जीवन करण्यात आले, तरी वायूच्या तुटवड्यामुळे त्याची पूर्ण क्षमता वापरात क्वचितच आली.

दाभोळचा खरा तोटा त्या एका केंद्रापुरता नव्हता. मोठ्या केंद्राचा विषय काढणेच काही वर्षे सर्वांना अवघड झाले. पुढच्या दशकात महाराष्ट्रातील खेड्यांनी व लहान शहरांनी दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. परीक्षेच्या दिवसांत कंदिलाखाली अभ्यास करणारी मुले ज्या शिक्षकांनी पाहिली आहेत, त्यांना भारनियमन म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. दहा वर्षांपूर्वी जे बांधावयास हवे होते ते बांधले गेले नव्हते, म्हणून तो अंधार होता.

६

आता हा विषय पुन्हा सह्याद्रीकडे वळला आहे. सूर्याची वीज दिवसा भरपूर मिळते, रात्री मिळत नाही. म्हणून दिवसा जादा विजेने पाणी वर चढवावयाचे आणि रात्री ते खाली सोडून वीज घ्यावयाची, ह्या पद्धतीस महत्त्व आले आहे. अहिल्यानगर-ठाण्याच्या सीमेवरील घाटघर येथे २५० मेगावॉटचे असे केंद्र २००८ पासून आहे. २०२३ मध्ये टाटा पॉवर व महाराष्ट्र शासन ह्यांच्यात भिवपुरी येथे १००० आणि शिरवता येथे १८०० मेगावॉटच्या अशा केंद्रांसाठी समझोता झाला. शिरवता हे नाव वाचकांच्या परिचयाचे झालेच आहे. १९११ नंतर बांधलेला तो तलाव शंभर वर्षांनी नव्या उद्योगाचा पाया होऊ शकतो, ही दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीची सर्वांत मोठी साक्ष आहे. त्या वेळी सूर्यापासून वीज घेणे व्यवहारात आलेले नव्हते. चांगले बांधलेले धरण बांधणाऱ्याच्या कल्पनेपलीकडेही उपयोगी पडते.

अशी गुंतवणूक वाढावी असे वाटत असेल, तर इतिहास काय सांगतो? वीज घेणाऱ्याशी दीर्घ करार हवा, पण त्यात जोखीम दोन्ही पक्षांनी वाटून घेतलेली असावी. खोपोली टिकली आणि दाभोळ कोसळले ते ह्यामुळे. दर असा हवा की सवलत द्यावयाची ती उघड हिशेबाने द्यावी आणि पुढच्या केंद्रासाठी पैसा शिल्लक राहावा. आणि ज्याची जमीन जाते तो मोबदला घेऊन दूर होणारा परका माणूस नव्हे, तर त्या उद्योगातील दीर्घ मुदतीचा भागीदार मानला जावा. भागधारकाला चाळीस वर्षे लाभांश मिळू शकतो, तर ज्याच्या शेतावर तलाव उभा आहे त्यालाच एका रकमेत का निकालात काढावे? मुळशीपासून कोयनेपर्यंत ह्या प्रश्नाचे उत्तर दिले गेलेले नाही. घाटमाथ्यावर नवे बांध पडणार असतील तर त्यांच्या करारांत ते आधी दिले जावे.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. आपल्या गावात येणारी वीज कोणत्या केंद्रातून येते, ते केंद्र कधी बांधले गेले आणि त्यासाठी कोणती गावे उठली, एवढी तीन उत्तरे विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावीत. सरहद्दीच्या ह्या किंवा त्या बाजूची शाळा असली तरी उत्तरे बहुधा सरहद्द ओलांडून जातील. ज्या मुलांना आज ही उत्तरे माहीत होतील, तीच उद्या भागधारक, मतदार, अभियंते आणि कदाचित विस्थापितही होणार आहेत. पुढच्या तीस वर्षांचे करार त्यांच्या नावाने व्हावयाचे आहेत.